दानम्माची बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, दोन सेलची, पत्र्याच्या अंगाची. कुठल्या कारखान्यात घडले ते ठाऊक नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारात दानम्माने मला विकत घेतलं, रात्री रानात पाणी द्यायला. त्र्याण्णवच्या भूकंपात गावातली दगडामातीची घरं बसली. माझ्या उजेडात तिने ढिगारा उपसला. थोरला विरूपाक्ष जिवंत निघाला. धाकटा मन्मथ आतून ओ देत होता. उजाडायच्या आत तो आवाज थांबला.

मित्रांनो, त्यानंतर ती दगडी छताखाली कधी गेली नाही. पत्र्याच्या घरात राहिली, मला उशाशी घेऊन निजली. विरूपाक्ष शिकला, त्याने लातुरात क्लास काढला, तो 'सर' झाला. डॉक्टर व्हायला पोरं त्याच्या दारात रांगा लावतात. मला तो भंगार म्हणतो. त्याला आठवत नाही असं नाही. तेव्हा तो दुसरीत होता.

गेल्या उन्हाळ्यात तो आईला सहलीबरोबर इटलीला घेऊन गेला. मी तिच्या पिशवीत. एका वायनरीत गाईडबाईंनी सगळ्यांना दगडी तळघराशी आणलं. खाली लाकडी पिंपांत वाइन मुरत होती.

दानम्मा पायरीवरच थबकली. "म्या न्हाई येत, विरू. वर दगडं हायत."

"न्हाई पडत, आई. क्लासच्या बॅनरवर आपल्या दोघांचा फोटो टाकायचाय."

"हितंच काढ की, उन्हात."

"उन्हातला फोटो तर गावाकडं औशातबी निघतो!"

सहलीची माणसं हसली. शरमेने ती उतरली.

खाली गाईडबाईंनी गंमत म्हणून दिवे घालवले. दानम्माने मला पेटवलं. भिंतीच्या दगडांवरून उजेड फिरवत, हाताने चाचपत ती निघाली. "मन्मथा, ओ दे रे. ओ दे, माझ्या राजा."

"मावशींना न पिताच चढली!" कुणीतरी ओरडलं.

"तमाशा करू नको!" विरूपाक्षाने मला हिसकावलं. मी फरशीवर आपटले. काच फुटली, उजेड गेला.

अंधारात ती एवढंच म्हणाली, "तुला ह्याच उजेडात काढलं रे."

दिवे लागले. सरांनी पेला उचलला, आईला जवळ ओढलं, फोटो निघाला. आता तो क्लासच्या दारावर झळकतो. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.

ती मला उशाशी घेत नाही आता.

मित्रांनो, माझ्या काचेचं सोडा, ती बाजारात मिळते. पण तुमच्या घरचं माणूस 'खाली येत नाही' म्हणालं, तर त्याला हसू नका, ओढू नका. तुमचं तळघर बघायचं राहिलं तर राहू द्या. त्याच्याजवळ वर बसा, उन्हात.