दर्भाचा कावळा

नव्वदी ओलांडलेल्या बाईनं औशाहून नांदेडला कुणाच्या दहाव्याला कशाला जावं, असं घरात सगळ्यांनी विचारलं. कोण वारलं, हे कुणी विचारलं नाही. मग मीच आत्याला घेऊन निघाले.

वारली होती कौसाबाई. रझाकारीच्या वर्षी गावातल्या पोरी उचलून नेल्या, त्यांत या दोघी एका खोलीत कोंडलेल्या होत्या. परत आल्यावर आत्याला कुणी मागणी घातली नाही. कौसाला बापानं घाईघाईनं लांब नांदेडला उजवलं. "तिचं झाकलं, माझं उघडं पडलं," एवढंच आत्या म्हणायची. मागच्या दिवाळीत कौसा तिला फोनवर म्हणाली होती, "पार्वते, मी गेल्यावर तरी माझ्या लेकाला सांग. मला धीर झाला न्हाई." "हाव, सांगते," आत्या म्हणाली होती.

घाटावर त्या लेकानं, राघवेंद्रनं, वाकून नमस्कार केला. निवृत्त प्राध्यापक, भला माणूस.

"आपण आईच्या कोण?"

"संगं होतो," आत्या म्हणाली.

पिंडाला कावळा शिवेना. मग नेहमीची बोलणी सुरू झाली. नातवाचं लग्न थाटात करू. घर विकणार नाही. सुनेनं तर काशीयात्रासुद्धा कबूल केली. मला हसू येत होतं आणि संतापही. कौसाला काय हवं होतं, ते तिथं एकाच बाईला माहीत होतं.

आत्या माझा हात सोडून पुढं झाली.

"कौसे, सांगून राहिले बघ. राघवेंद्रा, रझाकारीत तुझ्या आईला न मला उचलून नेलं. दोघींची अब्रू लुटली. मी लहान म्हून ती माझ्यापुढं यायची. पाप आमचं नव्हतं बाबा. हे तिनंच सांगाया लावलंय."

सगळे पाण्याकडं बघू लागले. राघवेंद्रनं एकदा तरी तिच्याकडं बघावं, असं मला फार वाटलं. तो गुरुजींकडं वळला.

"वय झालंय त्यांचं. दर्भाचा करा आता, उशीर होतोय."

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला लावला. मंडळी मोकळी होऊन आंघोळीला गेली.

"ऐकलं का गं त्यानं?" आत्यानं विचारलं.

"ऐकलं."

ती पिंडाकडं वळली.

"असं असं झालं, हे कौसाला सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता कुणाला सांगू?"