बोलवत नाही

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, तेल विकणाऱ्या देशांची बैठक सकाळपासून चालली होती. उत्पादनात कपात करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. बाहेर गालिच्यावर बातमीदार बसले होते, कुणी भिंतीला टेकून, कुणी बूट काढून. ताई मात्र उभी होती. एकदा बसलं की गुडघे उठू देत नाहीत.

तेलाच्या बाजारावर लिहिता लिहिता तिचे केस पांढरे झाले होते. मागच्या बैठकीची बातमी दुसऱ्या संस्थेने आधी दिली आणि तेव्हापासून संपादकाने धोशा लावला होता, "या वेळी मागे राहिलो तर तेलाचा विभाग बंद. बातम्या बाहेरून विकत घेऊ." विभाग म्हणजे ताई आणि तिने हाताला धरून शिकवलेल्या दोघी.

"अजून उभीच?" अंदाजपंचे शेजारी येऊन म्हणाला. पूर्वी तो तिच्याच विभागात बातमीदार होता. मग एका बँकेत विश्लेषक झाला. पुढल्या वर्षी तेल कितीला जाईल ते सांगायचा, आणि चुकलं की का चुकलं तेही सांगायचा. म्हणून हे नाव.

"तुझं बरंय बाबा. चुकलास तरी पगार चालू."

"चुकलो की जास्त भाव. पुन्हा नवा अहवाल लागतो ना!"

ताई हसली, पण हसायचाही कंटाळा आला होता.

तिची सगळी भिस्त एका माणसावर होती, एका मंत्र्याच्या म्हाताऱ्या सल्लागारांवर. ते बातमी कधी देत नसत, पण खोटंही बोलत नसत. बाहेर येऊन "मी काही बोलणार नाही" म्हणाले, की निर्णय झालेला असायचा. "बोलण्यासारखं काही नाही" म्हणाले, की आत नुसता काथ्याकूट. असं कुणी ठरवलं नव्हतं. आपसूक पडत गेलं होतं.

दार किलकिलं झालं आणि सल्लागार एकटेच बाहेर आले. ताई पुढे झाली.

"काही म्हणताय, साहेब?"

त्यांनी भिंतीला हात लावला. "ताई, बोलवत नाही आता."

तेवढ्यात फोन वाजला. संपादक. "आले ना ते? काय म्हणाले?"

"बोलवत नाही म्हणाले."

"म्हणजे बोलणार नाही! झाली कपात. टाकू?"

"थांबा. तसं नाही म्हणाले ते."

"अगं, शब्दांचा कीस कसला पाडतेस? विचार त्यांना सरळ!"

ताईने सल्लागारांकडे पाहिलं. ओठ पांढरे, कपाळावर घाम. आत्ता विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. तिने फोन कापला आणि त्यांना कोचावर टेकवलं.

"कुणाला बोलावू?"

"लेकीला. खालीच थांबलीय," ते म्हणाले आणि थांबत थांबत नंबर सांगू लागले. संपादकाचा फोन मध्ये मध्ये येत होता. ती कापत राहिली. मुलीला कळवलं, मग हॉटेलच्या डॉक्टरला.

डॉक्टर नाडी बघत असतानाच पलीकडे एक बातमीदार बूट न घालताच फोनवर ओरडला, "कपात ठरली! पाठवा, पाठवा!" दुसऱ्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"चढला भाव," अंदाजपंचे स्वतःच्या फोनात बघत पुटपुटला. मग ताईकडे बघून त्याने फोन खिशात घातला.

ताईने आता फोन घेतला. संपादक या वेळी ओरडला नाही. "मी वर कळवतोय," एवढंच म्हणाला. ताई "बरं" म्हणाली. विभाग बंद होणार हे त्या दोघींना आपणच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, असं तिच्या मनात आलं.

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," सल्लागार म्हणाले.

"माहीत आहे. धाप लागली होती तुम्हाला."

"आता सांगू?"

"आता शिळं झालं, साहेब."

ते हसायला गेले आणि खोकले. मुलगी धावतच आली. "बाबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला!" मग ताईकडे वळून म्हणाली, "फोन तुम्हीच केलात ना? तुम्ही कोण?"



"आपल्याच आहेत," सल्लागार म्हणाले. "जरा हात दे."

दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना उठवलं आणि सावकाश लिफ्टकडे नेलं.