आठव्या डावातली चूक

केल्सबी गावाच्या बेसबॉल मैदानावर त्या रविवारी कोणी ‘तो’ शब्द तोंडातून काढत नव्हतं. आठवा डाव चालू होता आणि चेंडू टाकणाऱ्या ड्वेन ह्रुस्काने समोरच्या संघाला अजून एकही हिट मिळू दिली नव्हती. हा डाव आणि पुढचा, शेवटचा, असाच गेला की एकही हिट न देता जिंकलेला सामना, म्हणजे नो-हिटर पुरा. गावाच्या संघाच्या चाळीस वर्षांत हा पराक्रम कोणाच्या हातून झाला नव्हता. अशा वेळी त्याचं नाव काढलं की दृष्ट लागते, म्हणून संघातले गडी ड्वेनशी बोलत नव्हते, बाकावर त्याच्या शेजारी बसतही नव्हते.

वर फळ्यांच्या खोपटात टोस्ट्रूड मास्तर वही घेऊन बसले होते. शाळेत ते गणित शिकवत आणि बावीस वर्षं संघाची नोंद ठेवत. फलंदाज बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्याने, म्हणजे हिट, की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, जी हिट धरत नाहीत, हे ठरवायचा अधिकार त्यांचा एकट्याचा. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या नावावर त्यांनी चूक मांडली होती आणि वर्षभर बायकोची बोलणी खाल्ली होती. या करारीपणाचा त्यांना चांगलाच गर्व होता, खोटं कशाला बोला.

मग तो फटका आला. तिसऱ्या बेसवरच्या क्लॅरेन्स विकने अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला चाटून मागे गवतात गेला आणि फलंदाज आरामात पहिल्या बेसवर पोचला. हिट होती. धडधडीत हिट. मास्तरांनी ती डोळ्यांनी पाहिली होती.

सगळा गाव मान वळवून खोपटाकडे बघू लागला. किराणा दुकानवाला ओले खालून ओरडला, “मास्तर, जरा गावाचं बघा की!”

मास्तरांनी गावाचं बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी खूण केली: क्लॅरेन्सची चूक.

जल्लोष उसळला. पुढच्या डावात ड्वेनने उरलेले तिघेही बाद केले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मास्तरांच्याही पाठीवर थापा पडल्या. ड्वेनच्या आईने त्यांना स्वतःच्या हाताने ॲपल-पायचा तुकडा कापून दिला. तो त्यांनी न खाताच बाकावर ठेवला. कोपऱ्यात क्लॅरेन्स एकटाच बूट सोडत बसला होता. मास्तर त्याला टाळून मागच्या वाटेने घरी गेले.

निर्णय बदलायला लीगच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुभा असे. सोमवारी शाळा सुटल्यावर मास्तर निघाले. आधी क्लॅरेन्सला खरं सांगायचं, मग नोंद खोडायची. गाव थुंकेल तर थुंकू दे.

क्लॅरेन्स मैदानावरच होता. डेअरीतलं काम उरकून तो तिसऱ्या बेसवर उभा होता आणि त्याची बायको वर्ना त्याला जमिनीलगत चेंडू मारून देत होती.

“बरं झालं आलात, मास्तर,” वर्ना म्हणाली. “दोन तास झाले, माझे खांदे गळून पडले. हात सुजलाय याचा, तरी ऐकत नाही. काल मीही इथेच होते ना! मी म्हणते, तो चेंडू कोणाच्या बापाला अडला नसता.”

“तू गप गं,” क्लॅरेन्स म्हणाला. “मलाही आधी तसंच वाटलं होतं, मास्तर. पण तुम्ही चूक दिलीत म्हणजे अडण्यातलाच असणार. तुम्ही सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाहीत, मला काय सोडणार! माझ्या हातून ड्वेनचं सोनं मातीत जात होतं. मी नेमका कुठे चुकलो, तेवढं दाखवा.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “क्लॅरेन्स...” ते म्हणाले. खरं बोलायला आता दोनच वाक्यं लागणार होती. क्लॅरेन्स इतक्या विश्वासाने बघत होता, की ती वाक्यं मास्तरांनी उच्चारली असती तर कालच्या एका चुकीबरोबर त्यांची बावीस वर्षंही त्याच्या डोळ्यांतून उतरली असती.

आयुष्यात एकदाही न खेळलेले मास्तर शाळेच्या बुटांनिशी तिसऱ्या बेसजवळ गेले आणि वाकून उभे राहिले.

“पहिलं पाऊल उशिरा पडलं तुझं,” ते म्हणाले. “आणि ग्लोव्ह जरा खाली हवा होता.”

क्लॅरेन्सने मान डोलावली. “ऐकलंस? मार परत.”

वर्नाने बॅट उचलली नाही. ती मास्तरांकडे एकटक बघत राहिली, आणि मास्तरांना मान वर करून तिच्याकडे बघवेना.