दारातला मासा

काकूंच्या व्हॅनमध्ये पाणी येत होतं आणि काकूंचा नवरा प्लंबर होता. याहून मोठी नाचक्की कुठल्या घरात झाली असेल तर सांगा.

अकरा मुलांना काकू रोज शाळेत नेत-आणत. गेल्या आठवड्यात पुढच्या सीटवरच्या मुलीची चित्रकलेची वही पायाशी भिजून तिचा लगदा झाला आणि तिच्या आईने थेट शाळा गाठली. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं, सोमवारी मी स्वतः गाडी बघणार, खाली ओल दिसली तर मुलं दुसऱ्या व्हॅनला. नऊ वर्षं चालवलेली ती फेरी म्हणजे काकूंचा जीव. शनिवारी त्यांना घास गिळवला नाही.

काकांनी तोवर पुढच्या काचेला, टपाच्या कडांना, दारांच्या रबरांना मिळून तीन ट्यूब सीलंट चोपडलं होतं. लोणी खाऊन तोंड न पुसलेल्या मांजरासारखी गाडी दिसत होती. पाणी मात्र येतच होतं. मुलं म्हणायची, डाव्या दारात मासा आहे, कान लावला की ऐकू येतो. काकू हसून सोडून द्यायच्या.

रविवारी सकाळी काकूंनी नळी घेतली. आत बसून थेंब शोधायला कोणीतरी हवं होतं, तर सासूबाईंनी स्वतःहून टॉर्च मागितला. ताटावरचा साबणाचा डाग ज्यांना दहा पावलांवरून दिसतो, त्यांच्या नजरेबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं.

काकूंनी आधी खालून, मग काचांवर, मग टपावर पाणी सोडलं. मधूनमधून ओरडत होत्या, "आई, काही दिसतंय?"

"कोरडं ठणठणीत!"

काकांनी हाताची घडी घातली. "बघ. माझ्या हातचं काम आहे ते."

काकूंना हायसं वाटलं, पण पुरतं नाही. नळी टाकून त्या गाडीत बसल्या आणि सासूबाईंसकट गल्लीला एक चक्कर मारली. कोपऱ्यावर वळल्या मात्र, सासूबाई किंचाळल्या, "अगं बाई, माझे पाय! आणि या दारात काहीतरी डुचमळतंय गं!"

काकूंनी करकचून ब्रेक मारला. आत पुन्हा *चुबुक* झालं. मुलांचा मासा! काकूंना आपलीच लाज वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांनी उतरून डाव्या दारावर बोटाने वाजवलं. वर पोकळ वाजलं, खाली भरल्या पिंपासारखं बद्द. मग उजवं दार तपासलं. त्याच्या खालच्या कडेला तीन भोकं होती आणि त्यातून पाणी खुशाल ठिबकत होतं. आतली चटई मात्र कोरडी. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, ते त्या भोकांतून निघून जायचं. पुन्हा डावीकडे येऊन काकू गुडघ्यावर बसल्या. इथेही तीन भोकं होती, पण एकेक पुट्टीने बुजवलेलं आणि वर अंगठ्याने सफाईदार गुळगुळीत केलेलं. म्हणजे कोंडलेलं पाणी वळणावर हिंदकळून आत सांडत होतं. आणि त्या अंगठ्याचा ठसा काकू स्वयंपाकघरातल्या नळाखालच्या पुट्टीवर रोज बघायच्या.

"अहो, इकडे या जरा."

काका आले, वाकले आणि कानापर्यंत लाल झाले. "मागच्या महिन्यात गाडी धुतली तेव्हा तिथून ठिबकत होतं. म्हटलं, प्लंबरच्या घरची गाडी गळते, लोक काय म्हणतील?"

"अरे, आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!" सासूबाई ओले पाय झटकत म्हणाल्या. "गळणारं सगळंच बुजवायचं नसतं रे."

काकूंनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. काका जमिनीवर आडवे झाले. पहिली पुट्टी निघाली आणि महिनाभर कोंडलेलं पाणी भसकन त्यांच्या तोंडावर आलं. सासूबाई टॉर्चसकट हसत सुटल्या. काकूंना तर हसताहसता रडू आलं, दोन दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. काकांनी चिखलाने भरलेलं तोंड पुसलं आणि तेही हसायला लागले.

सोमवारी काकांनी सकाळीच खात्री करायला गाडीवर बादल्या ओतल्या. शाळेच्या दारात मुख्याध्यापिकाबाईंनी चटईखाली हात घातला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या मुलं वेळेवर आणा." काकूंनी "हो" म्हणत चटई पुन्हा नीट अंथरली.

परतीच्या फेरीत चित्रकलेच्या वहीवाल्या मुलीने दाराला कान लावला. एका वळणावर, मग दुसऱ्या. तिचा चेहरा उतरला.

"काकू, मासा गेला!"

"गेला गं. काकांनी सोडून दिला."

"पकडला कोणी होता?"

"त्यांनीच," काकू म्हणाल्या आणि पुढचं वळण मुद्दाम जरा जोरात घेतलं.