सगळ्यांना शिकवलेली हाक

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेल्या मावशींनाही जागा द्या. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही, शेजारी बसून हळू सांगायची आहे. बानूबाईची गोष्ट आहे. थोडी जड जाईल, पण पुरती ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की हौसराव आबांचं रान लागतं. त्यातला माळाचा तुकडा आबांनी मुक्या जिवांसाठी देऊन टाकलेला. नगर रोडवर गाडीखाली सापडलेली कुत्री, मालकानं सोडून दिलेली कुत्री, सगळी तिथं यायची. पाटीवर मोठं नाव होतं, पण लोक त्याला कुत्र्यांचा मळा म्हणायचे. पुढच्या अंगणातली कुत्री शहाणी. कुणी पाळायला न्यायला आलं की शेपूट हलवत दारात उभी. मागं बाभळीखाली जाळीचं एक आवार होतं, तिथली मात्र वेगळी. कुणाला गजानं मारलेलं, कुणाला पोत्यात घालून फेकलेलं. माणूस दिसला की ती कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या अंगात शिरायची, आणि माणूस गेल्यावरच अन्नाला तोंड लावायची.

त्या मागच्या आवारावर बानूबाई होती. पाबळकडची. नवरा वारल्यावर तिला इथं कामाला लावलं ते रोहिदासनं. रोहिदास मळ्याचा व्यवस्थापक, तिच्याच गावचा, एकादशीच्या भजनात पखवाज वाजवणारा. वयानं धाकटा, म्हणून तो तिला आक्का म्हणायचा, आणि ती त्याला मानानं भाऊ. राखी पौर्णिमेला पहिली राखी त्याचीच. "सख्ख्या भावाच्या हातनं झालं नसतं ते रोहिदासभाऊंनी केलं," असं ती कुणालाही सांगायची.

बाईला कीर्तनाचं वेड. कुठं सप्ताह बसला की हिचा जीव तिकडं ओढायचा. बुवांनी चरण टाकला आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो वर उचलला की हिच्या डोळ्यांना धार लागायची. त्या भित्र्या कुत्र्यांना आपलंसं करायला तिच्याजवळ दुसरं काय असणार? ती बादली घेऊन जाळीपाशी पाठमोरी बसायची आणि भजनाच्या चालीवर आपलेच शब्द म्हणायची, "या गं माझ्या लेकरांनो... पान वाढलंय, या." वळून बघायची नाही. कित्येक महिने पाठीमागं नुसती पानांची सळसळ. मग एक आलं, मग दुसरं. सगळ्यांत शेवटी मैना आली. मैना म्हणजे तांबडी कुत्री, पाठीवर कुणीतरी उकळतं पाणी ओतलेलं, तिथं केसच उगवले नव्हते. ज्या दिवशी मैनेनं बानूबाईच्या मांडीला मांडी लावून भात खाल्ला, त्या दिवशी बाईनं घरी जाऊन देवापुढं साखर ठेवली आणि कुणाला काही बोलली नाही.

दिवाळीनंतर रोहिदासनं नवीन टूम काढली. दर शनिवारी दुपारी मळ्यातल्या सगळ्यांनी लिंबाखाली बसायचं, आणि ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. "ट्रेनिंग म्हणत्यात याला," तो म्हणाला. "उद्या एकजण आजारी पडला म्हणून काम अडायला नगं. समद्यांना समदं आलं पायजे."

सगळ्यांना पटलं. धुरपदा कुत्र्यांचा भात शिजवायची, तिनं शिकवलं की यात कांदा आणि मीठ पडता कामा नये. मल्हार राखणदार. नवीन जनावर आलं की फाटकात कसं आडवं उभं राहायचं, ते त्यानं करून दाखवलं. टेम्पोवाला कोंडिबा लाजत लाजत एवढंच म्हणाला की फळी नीट टेकवा, हलली की जनावर पुन्हा चढत नाही.

मग रोहिदास बानूबाईकडं वळला.

"माझ्यापाशी काय हाय शिकवायला?" ती म्हणाली.

"तुझी हाक, आक्का. मागची कुत्री तुझ्याशिवाय कुणाला भीक घालत न्हाईत. उद्या तू लेकीकडं गेलीस तर त्यांनी उपाशी बसायचं का?"

हे तिला लागलं. खरंच, आपल्यामागं या लेकरांचं कोण? ती उठली, पदर खोचला आणि लिंबाखाली उभी राहिली. बाकीच्यांना मागं ओळीनं उभं केलं, कीर्तनात टाळकरी असतात तसं. आपण चाल धरायची, मागच्यांनी उचलायची.

"माझा आवाज ऐकून कुत्री काय येत्यात," धुरपदा म्हणाली, "माझा नवरा येत न्हाई."

"तुझ्या नवऱ्यानं तुझा भात खाऊन बघितलेला हाय," मल्हार म्हणाला. हशा पिकला. मग त्याची पाळी आली, आणि त्यानं अशी काही हाक घातली की लिंबावरचे कावळे उडाले.

"मल्हारी, जेवाया बोलवतूयास का चौकीत?" बानूबाई हसून म्हणाली. "हळू. लेकरू झोपलंय आन् उठवायचं हाय, असं समज."

रोहिदासला मात्र एकदा सांगावं लागलं. सुराचा माणूस. 'लेकरांनो' म्हटल्यावर बानूबाई जो एक श्वास थांबायची, तोही त्यानं नेमका उचलला. बाईला भरून आलं. बुवांनी चरण टाकावा आणि मागून तो तस्साच यावा, असं वाटलं तिला.

पुढचे शनिवार त्यातच गेले. आधी बानूबाईनं शेजारी बसायचं आणि दुसऱ्यानं हाक मारायची. मग बानूबाईनं लांब बसायचं. मग दिसेनाशी व्हायचं. कुत्री बिचकली, थबकली, पण आली. चाल ओळखीची होती ना. कुठल्या तोंडातून येते हे बघायचं त्यांनी हळूहळू सोडून दिलं.

त्यानंतर रोहिदास म्हणाला, "आता टेम्पोत जेवाया घालू. म्हंजी सुया टोचाया न्यायची वेळ आली की जाळं टाकाया नगं."

जाळं नको म्हटल्यावर बानूबाईला आनंदच झाला. उभ्या टेम्पोला कोंडिबानं फळी टेकवली. बाई स्वतः आत जाऊन बसली आणि हाक मारली. एकेक करत कुत्री चढली. मैनेनं फळीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि वर बाईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ये," बानूबाई म्हणाली. "मी हाय."

मैना चढली.

माघात यवतला सप्ताह बसला. बानूबाईनं रजा मागितलीही नव्हती. रोहिदासच म्हणाला, "आक्का, काल्याचं कीर्तन ऐकून ये. कवाची कुठं गेली न्हाईस."

"आन् पोरं?"

"समद्यांना शिकवलंयस की. आता कसली काळजी?"

सकाळी त्यानं मोटारसायकलवरून तिला स्टँडवर सोडलं, गाडीत खिडकीपाशी बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. असा भाऊ, असं तिला वाटलं. यवतच्या मंडपात ती बायकांच्या घोळक्यात बसली. बुवा काला सांगत होते: देवानं सगळ्या सवंगड्यांना गोल बसवलं, लंगडा-पांगळाही सोडला नाही, याच्या शिदोरीतला घास त्याच्या तोंडात घातला. बाईच्या डोळ्यांपुढं बाभळीखालचं तिच्या लेकरांचं रिंगण उभं राहिलं. तिनं दही-लाह्यांचा प्रसाद डब्यात भरून घेतला. भाऊंसाठी.

परतताना चौफुल्याला ती शिरूरच्या गाडीची वाट बघत होती. तेवढ्यात दौंडकडून मळ्याचा टेम्पो आला, रिकामा. कोंडिबा चालवत होता. तिनं हात केला. त्यानं बघितलं, नक्की बघितलं, आणि मान फिरवून निघून गेला. ऊन डोळ्यांवर आलं असंल त्याच्या, बाई मनाशी म्हणाली.

मळ्यात पोचली तेव्हा दिवस कलला होता. रोहिदास कचेरीत एकटाच बसलेला. तिनं डबा पुढं केला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि तसाच धरून बसला. उघडला नाही.

"बस, आक्का."

"आधी पोरांना भेटून येते," ती म्हणाली आणि मागं गेली.

आवाराचं दार सताड उघडं होतं. बाभळीखाली ताटल्या एकात एक घालून ठेवलेल्या, धुतलेल्या. तिनं हाक मारली. कोणी आलं नाही. अजून एकदा मारली. चुलीपाशी धुरपदा पातेलं घासत होती. घासून लख्ख झालेलं पातेलं ती घासतच होती.

"धुरपदा, पोरं कुठायत?"

"भाऊंना इचार," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

बानूबाई परत कचेरीच्या दारात आली. रोहिदासनं डबा टेबलावर ठेवला होता.

"आबांचं आता काय चालत न्हाई घरात," तो म्हणाला. "त्यांच्या लेकाला, सत्यजीतदादाला, हितं लग्नाचं लॉन काढायचं हाय. मागली जागा आधी मोकळी करून मागितली. पुढची कुत्री लोकं घेऊन जातील. ही मागची कोण नेणार? कुणाच्याच दारात ऱ्हायची न्हाईत ती. दौंडच्या पल्याड नदीला सोडली. पाणी हाय, सावली हाय."

"आन् खायाला?"

रोहिदासनं टेबलावरचा डबा थोडा सरकवून सरळ ठेवला.

"कवापासून ठाऊक हाय तुम्हाला?"

"आक्का, जाळं टाकून धरली असती तर रक्तबंबाळ झाली असती. दोन-चार मेली असती. तुला बघवलं नसतं. म्हणून म्हटलं, सोप्या रीतीनं..."

"दिवाळीपासून?"

त्यानं मान हलवली. होय म्हणून.

लिंबाखालचे ते सगळे शनिवार बाईच्या डोळ्यांपुढून गेले. मल्हारची हाक, उडालेले कावळे, आपलं हसणं. आपण हसत होतो तेव्हा हा कशाची तालीम करून घेत होता ते तिला आता कळलं.

"मला सांगायचं तरी, भाऊ."

"सांगितलं असतं," रोहिदास म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं, "तर तू शिकवलं असतंस का?"

ती आत आली. मग टेबलावरचा डबा उचलून तिनं पदराखाली घेतला आणि बाहेर पडली. देवाचा प्रसाद तिथं ठेवणं तिला बरं वाटलं नाही.

सकाळी कोंडिबा आपणहून तिच्या दारात आला. टेम्पो बाहेर उभा होता. "चल, दाखवतो," एवढंच बोलला. न्हावरा गेला, चौफुला गेला. मग तो रस्त्यावरची नजर न काढता सांगू लागला. "भाऊंनीच हाक मारली. समदी चढली. एक तुझी मैना तेवढी फळीवर पाय ठेवीना. मग भाऊ आत जाऊन बसले. म्हणाले, ये, मी हाय. तवा चढली. मी दार लावलं, आक्का. माझ्या हातानं लावलं."

बानूबाईनं खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या गाड्या चालल्या होत्या. "रात्री जेवलास का?" तिनं विचारलं. तो न्हाई म्हणाला.

दौंडच्या पलीकडं भीमेच्या काठाला वेड्या बाभळीचं रान आहे. कोंडिबानं गाडी थांबवली. बाई फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन खाली उतरली. थोडं आत गेल्यावर तिला ती दिसली, पाण्याच्या कडेला, एकमेकांना चिकटून बसलेली. मैना पुढं होती. बाईच्या जिवात जीव आला. तिनं गळा मोकळा केला आणि चाल धरली, "या गं माझ्या लेकरांनो..."

कान उभे राहिले. सगळ्यांचे. आणि दुसऱ्या क्षणाला मैना शेपूट पोटाखाली घालून वळली आणि काट्यांतून पळाली, अंग फाटेल याची पर्वा न करता. तिच्यामागं बाकीची. बाई धावली, हाक मारत धावली, आणि जितकी हाक मारावी तितकी ती लांब जात राहिली.

"आक्का, हाक नगं मारूस," कोंडिबा मागून म्हणाला. "हाकंलाच भ्यालीत ती."

ती जागच्या जागी थांबली. तोंडावर पदर दाबला आणि तसाच दाबून धरला. मैनेच्या लेखी दार लावणारी तीच होती. तसं नव्हतं, हे हजार वेळा समजावून सांगितलं असतं, पण सांगायला जवळ एक आवाजच होता, आणि तोच आता चालत नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं भाकरी कुस्करून दगडावर ठेवल्या, पाठ फिरवली आणि चालत गाडीपाशी आली. मागं वळून पाहिलं नाही.

मळ्यातलं काम तिनं सोडलं. शिरूरच्या बाजारात एका बाईच्या भाजीच्या गाळ्यावर बसते आता. सवड मिळाली की फडक्यात भाकरी बांधून दौंडची गाडी धरते. जाते, ठेवते, गप्प परत येते. पुढच्या खेपेला दगड रिकामा असतो. कोण खातं, ती बघायला थांबत नाही. रोहिदासला ती कधी वेडंवाकडं बोलली नाही. श्रावणात राखीला तो सकाळपासून घरी बसून होता म्हणे. ती गेली नाही. एकादशीच्या भजनाला दोघंही जातात. तो पखवाजावर, ती मागं खांबापाशी. सगळा मेळा चरण उचलतो, तेव्हा ती ओठ मिटून बसलेली असते. देवाला ते दिसत असणार. त्यानंच काय ते बघावं.

तुम्ही मात्र एवढं करा. दौंडकडं नदीच्या अंगानं कधी गेलात, आणि पाठीवर केस नसलेली तांबडी कुत्री लांबून दिसली, तर तिला हाक मारू नका. गोड बोलून तर मुळीच नका. जवळ असेल ती भाकरी दगडावर ठेवा, पाठ फिरवा आणि चालू लागा. आणि चालता चालता, देवाचं नाव घ्याल तेव्हा, त्याच श्वासात आमच्या बानूबाईची आठवण काढा.