जोडपं

सहविकर म्हणजे शरीरातला हमाल. एका विकराकडचे, म्हणजे एन्झाइमकडचे, दोन इलेक्ट्रॉन उचलायचे, दुसऱ्याच्या दारात टाकायचे आणि रिकाम्या हातांनी परतायचे. या रिकाम्या हमालाला विजेच्या जोरावर, इलेक्ट्रोडच्या अंगाशी आणून पुन्हा भरायचे, हे त्या नवराबायकोचे काम. वीज तो सांभाळी. विकरे तिच्याकडे, आणि इलेक्ट्रोडवर चढवायचा तो श्वासानेही फाटेल असा पापुद्राही तिच्याचकडे. प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनी म्हणत.

अडचण होती ती दुसऱ्या इलेक्ट्रॉनची. पहिला घेऊन रेणू अर्धा भरतो, आणि दुसरा वेळेवर आला नाही तर आपल्यासारखाच एखादा अर्धवट गाठून त्याला बिलगतो. दोघे एकमेकांत अडकतात. विकर मग त्यांना शिवतही नाही. अशा अडकलेल्यांना प्रयोगशाळेत ‘जोडपं’ म्हणत. या दोघांच्या लग्नात प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले होते, “जोडपं झालं की कामातून गेलं, लक्षात ठेवा.” सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

पोटातले मूल गेले, तेव्हापासून घरात कुणी आवाज चढवला नव्हता. तो दार अलगद लोटी, कप अलगद ठेवी, तिच्या उशाशी पाणी ठेवून पाऊल न वाजवता निघून जाई. मुलाविषयी एक अक्षर नाही. याने एकदा रडावे, भांडावे, निदान एखादे भांडे तरी आपटावे, असे तिला वाटे. दुसऱ्या शहरातून नोकरीचे बोलावणे आले तेव्हा ती म्हणाली होती, “हा प्रयोग जमला तर मी राहीन. नाही जमला तर जाईन, आणि परत यायचं काही सांगत नाही.”

“जसं तुला बरं वाटेल,” तो म्हणाला होता.

आज तो हातात कुपी घेऊन तिच्या टेबलाशी आला.

“प्रवाह बघ. आखून दिल्यासारखा आलाय.”

“प्रवाहाचं कौतुक मला नको सांगूस. विकर काय म्हणतंय ते बघू.”

“तुझं विकर म्हणजे सासू आहे. नाक मुरडल्याशिवाय काही घेत नाही.”

“आईंना सांगू?”

“सांग. ती म्हणेल, सासूनं असंच असावं.”

दोघेही हसले. असे हसून किती काळ लोटला होता.

तिने कुपीतले पाणी प्रकाशमापकात ठेवले. सहविकर खरोखर भरला असेल तर विकर त्याचा फडशा पाडील आणि पडद्यावरची रेघ उतरू लागेल. तिने विकराचा थेंब सोडला. रेघ सपाट. आणखी एक थेंब. सपाटच. मग तिने बाजारातून आणलेल्या तयार, भरलेल्या सहविकरावर तेच विकर सोडले. रेघ घरंगळत खाली गेली. विकराचा दोष नव्हता.

“जोडपं आहे,” ती म्हणाली. “सगळंच्या सगळं.”

तो पडद्याजवळ वाकला.

“विजेचा दाब किती ठेवला होतास?”

“जरा कमी.”

“ठरला होता त्यापेक्षा? अरे, दुसरा इलेक्ट्रॉन जोर लावल्याशिवाय जातो का कधी?”

“जोर लावला की बुडबुडे सुटतात. तुझा पापुद्रा उचकटला असता. एवढा जीव ओतून चढवलेला.”

“म्हणून जपलास.”

“हो.”

“मी पुन्हा चढवला असता रे. फाटला असता तर फाटला असता. विचारायचंस तरी.”

“तुला त्रास नको म्हणून...”

जाऊ नकोस, एवढे दोनच शब्द हवे होते. मागून धक्का देऊन त्याच्या ओठांबाहेर काढावेत इतके ते जवळ आलेले तिला दिसत होते. तो पडद्याकडे पाहत राहिला.

“उद्या दाब वाढवून बघू?” तो म्हणाला.

“उद्या मी त्यांना होकार कळवणार आहे.”

“बरं. जसं तुला...”

“ते वाक्य नको,” ती म्हणाली.

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांचे हात थांबले.

“भांडलात का गं?”

“नाही, आई.”

“भांडला असतात तर बरं होतं. हा लहानपणापासून असलाच. फुटेल म्हणून पाटी कपाटात ठेवायचा, लिहायचा नाही. तू तरी ठेवून द्यायच्यास दोन.”

“दिल्या असत्या. पण त्याच्याकडे बघितलं की माझाही हात मऊ पडायचा.”

सासूबाईंनी मान खाली घातली. एक शेंग त्यांनी सोलली, तिच्यातले दाणे मुठीत धरले, आणि मूठ उघडायचे विसरूनच गेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरायला बसली, तेव्हा तो समोर येऊन बसला आणि तिच्या कपड्यांच्या घड्या घालू लागला. कुठे सुरकुती राहू नये म्हणून प्रत्येक घडीवरून तळवा फिरवत होता. तिने त्याला थांबवले नाही. तो पुढे करील ती घडी ती घेत राहिली, भरत राहिली.