पाच ताऱ्यांचा डबा

"जग एक झालं आहे आणि आज त्याचा मध्यबिंदू लोणावळा आहे," असं दिगंबररावांनी व्यासपीठावरून जाहीर केलं, तेव्हा निम्मं जग चिक्कीच्या दुकानात होतं.

निमित्त होतं जिओकॅशिंगच्या आंतरराष्ट्रीय संमेलनाचं. खेळ सोपा आहे. एकानं कुठंतरी डबा लपवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे. दुसऱ्यानं मोबाइल घेऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. वाटलं तर तिथली एखादी किरकोळ वस्तू न्यावी, बदल्यात आपली ठेवावी. लहानपणी असलेच उद्योग करून आम्ही मार खाल्ला. आता त्यासाठी लोक फिनलंडहून येतात.

दिगंबरराव हे तळेगावचे निवृत्त इंजिनिअर. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, यांनी डबा केला. लोहगडवाडीत अंबाजीभाऊंच्या शेताच्या बांधावर त्यांनी सिमेंटचा एक पोकळ दगड बसवला, त्यावर शेवाळ धरावं म्हणून ताक शिंपडलं आणि डबा त्या दगडाच्या पोटात ठेवला. अवघडपणा पाचपैकी पाच तारे. संमेलनातल्या सर्वांत अवघड डब्याला ढाल मिळणार होती. तिच्यासाठी दिवाणखान्यात खिळाही ठोकून झाला होता. त्यांच्या पत्नी शैलावहिनींनी त्याला तूर्तास भाजीची पिशवी अडकवली होती.

अंबाजीभाऊंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "पाहुणे येतील. जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तुकडी शेताकडे गेली. दिगंबरराव आणि मी वाटेवरच्या टपरीत बसलो. टपरी अंबाजीभाऊंच्या बायकोची, बयाबाईंची.

"भजी टाकू का?"

"टाका मावशी, सावकाश टाका. दुपारपर्यंत कुणी येत नाही."

पहिला घाणा तेलात पडायच्या आत पाहुणे परत आले.

"कंटाळले," दिगंबरराव समाधानानं म्हणाले. "जपानी आहेत, तरीसुद्धा."

जपानी पाहुण्यांनी लांबूनच अंगठे वर केले. पाठोपाठ दुसरी तुकडी गेली आणि आमची भजी संपायच्या आत तीही हसत परतली. दिगंबररावांनी हातातलं भजं ताटलीत ठेवलं.

"काळजी करू नका सायेब," बयाबाई झारा हलवत म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी समदं नीट केलंय."

आम्ही जवळजवळ पळतच बांधावर गेलो. वाट झाडून काढलेली होती. वळणावर पुठ्ठ्याची पाटी होती: 'डबा इकडे', खाली बाण. पुढं एका स्टुलावर धुऊनपुसून ठेवलेला डबा. शेजारी पाण्याची कळशी, दोन खुर्च्या आणि सहीसाठी दोरीला बांधलेलं पेन. पोकळ दगड बाजूला उपडा पडला होता. त्यावर अंबाजीभाऊ बसले होते.

"अंबाजीभाऊ, हे काय केलंत?"

"मग काय करनार? काल चार मानसं आदीच आलती, उनात लय हुडकत व्हती. एक बाई तर वाकून वाकून कंबर धरून बसली. बघवंना."

"अहो, शोधायचाच होता तो!"

"व्हय. घावला की."

"तुम्ही सांगायचं नव्हतं!"

"आता बघा," अंबाजीभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पावना दारात आलाय. काय पायजे त्ये आमाला ठावं हाय. आन सांगायचं न्हाई? सायेब, तुमच्याकडं तळेगावात आसं करत्यात का?"

दिगंबररावांनी दगडाकडे बोट दाखवलं.

"निदान आता तरी परत दगडात ठेवा," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "माझी ढाल जाईल हो."

अंबाजीभाऊ लगेच उठले. मन मोडणारा माणूस नव्हे तो. त्यांनी डबा उचलला, दगडात बसवत आणला, आणि तेवढ्यात बांधाच्या टोकाला तिसरी तुकडी दिसली.

"या, या! हितं हाय, हितं!" डबा उंच धरून ते ओरडले.

त्या तुकडीत संमेलनाच्या अध्यक्षा, फिनलंडच्या किर्स्तीबाई होत्या. त्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, त्यांनी सही केली. मग नियमाप्रमाणे दोरी सोडून पेन पर्समध्ये टाकलं आणि बदल्यात डब्यात हरणाचा एक बिल्ला ठेवला.

संध्याकाळी समारोपाला ढाल कान्हे गावच्या मुकुलला मिळाली. त्याचा डबा कुणालाच सापडला नव्हता. मुकुललाही आता सापडत नव्हता.

मग किर्स्तीबाईंनी अंबाजीभाऊंना व्यासपीठावर बोलावलं. आपण जगभर डबे हुडकले, पण बसायला खुर्ची इथंच मिळाली, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. जगाला चार शब्द सांगा, असा त्यांनी आग्रह केला. भाषांतराला दिगंबररावांनाच उभं केलं. त्यांनी मुकुलच्या हातातल्या ढालीवरची नजर काढली आणि घसा साफ केला. या वेळी सगळे देश हजर होते.

अंबाजीभाऊंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"सकाळी पेन कुनी नेलंय, तेवढं देऊन टाका. सुनंचं हाय."